सायकल चालवल्यावर रक्तात काय बदलतं? : स्नायूंची झीज, सीपीके तपासणी आणि आपण शिक्षक-पालक



क्रीडा महोत्सव झाला किंवा गडावर सहल गेली, की दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग लंगडत येतो. "बाई, मांड्या भरून आल्यात," "सर, जिना उतरता येत नाही." आपण म्हणतो, "होईल बरं, सवय नाही ना!" पण एखादं मूल विचारतंच, "काल पळताना नाही दुखलं, मग आज का दुखतंय?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना आपण अडखळतो. आणि पालकांच्या हातात जेव्हा रक्ताचा रिपोर्ट येतो आणि त्यात "सीपीके" समोर ठळक अक्षरात मोठा आकडा असतो, तेव्हा तर घाबरगुंडीच उडते.

म्हणून आजचा पाठ याच विषयावर. उदाहरण घेऊ सायकलचं, कारण ती आपल्या मुलांच्या रोजच्या वापरातली आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात आणि अनेक मुली रोज काही किलोमीटर पायडल मारून शाळेत येतात. त्या व्यायामाने स्नायूंना इजा होते का? रक्तात ती दिसते का? कधी काळजी करायची आणि कधी नाही? क्रमाने पाहू.

१. स्नायू म्हणजे काय आणि त्यातून काय गळतं?

स्नायू लांबट धाग्यांसारख्या पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीला पातळ आवरण असतं, त्याला पेशीपटल म्हणतात. आत काम करणारी प्रथिनं आणि विकरं (एन्झाइम) भरलेली असतात. ती आतच राहायला हवीत. पण जोराचा, सवयीचा नसलेला व्यायाम झाला की काही पेशींच्या पटलाला बारीक चिरा पडतात आणि आतला माल बाहेर झिरपतो. रक्त तपासलं की तो सापडतो. मुख्य चार पदार्थ लक्षात ठेवा.

• क्रिएटिन कायनेज. आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये हे सीके किंवा सीपीके नावाने येतं. स्नायूला अचानक ऊर्जा लागली की ती चटकन तयार करून देणं हे या विकराचं काम. म्हणून स्नायूत ते भरपूर असतं आणि रक्तात थोडंसंच. प्रौढांत वरची मर्यादा साधारण २०० युनिट प्रति लिटरच्या आसपास धरतात, पण प्रयोगशाळेनुसार, वयानुसार ती बदलते. पुरुषांत ती स्त्रियांपेक्षा जास्त असते.

• मायोग्लोबिन. स्नायूत ऑक्सिजन साठवणारं लाल रंगाचं प्रथिन. मांस लाल दिसतं ते बरंचसं याच्यामुळेच.

• एलडीएच. हे विकर स्नायूंतच नाही, तर यकृत, हृदय, रक्तपेशी सगळीकडे असतं. त्यामुळे एकट्या एलडीएचवरून इजा कुठे झाली ते कळत नाही.

• एसजीओटी. हे नाव आपण "लिव्हरची तपासणी" म्हणून ऐकलेलं असतं. पण ते स्नायूतही असतं! म्हणून जोरदार व्यायामानंतर दोन-चार दिवसांत लिव्हरची तपासणी केली, तर यकृत ठणठणीत असूनही हा आकडा वाढलेला दिसू शकतो. तपासणीआधी केलेला व्यायाम डॉक्टरांना सांगायलाच हवा, तो यासाठी.

मुलांना समजावताना धान्याच्या पोत्याचं उदाहरण द्या. पोत्यात मोहरी आणि हरभरे एकत्र भरलेत. पोतं थोडं उसवलं तर आधी काय सांडेल? मोहरी. हरभरे मागून. मायोग्लोबिन म्हणजे मोहरी. त्याचा रेणू लहान, म्हणून व्यायामानंतर काही तासांतच रक्तात वाढतं आणि लघवीवाटे निघूनही जातं, बहुतेक वेळा एका दिवसात. सीके म्हणजे हरभरा. त्याचा रेणू चार-पाच पट मोठा. तो थेट रक्तवाहिनीत शिरत नाही, लसिकावाहिन्यांच्या आडवाटेने रक्तात पोहोचतो. म्हणून सीके व्यायामानंतर लगेच नाही, तर साधारण एक ते तीन दिवसांनी सर्वात जास्त होतो आणि मग हळूहळू उतरतो.

२. "काल नाही, आज का दुखतंय?"

अजूनही बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं की दुसऱ्या दिवशीचं दुखणं "लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे" होतं. हे बरोबर नाही. जोरात सायकल मारताना लॅक्टेट वाढतं हे खरं, पण थांबल्यावर तासा-दीड तासात ते जवळजवळ पूर्वपदावर येतं. मग दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीचं दुखणं त्याच्या माथी कसं मारायचं?

थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच लिहिलं होतं की हे उशिराचं दुखणं स्नायूच्या आत झालेल्या बारीक फाटाफुटीमुळे असावं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूचे नमुने पाहिल्यावर तशी विस्कटलेली रचना दिसलीही. ही फाटाफूट झाली की शरीर दुरुस्तीला लागतं, तिथे सूज येते, मज्जातंतू हळवे होतात. त्या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचतं. म्हणजे मुलाला उत्तर असं द्यायचं : "बाळा, काल थोडं उसवलं, आज शरीर टाके घालतंय."

३. सायकल आणि धावणं यांत फरक का?

हा आजच्या पाठाचा गाभा. इथे थोडं थांबा.

स्नायू दोन पद्धतींनी जोर लावतो. एक, आखडत जोर लावणं. पाण्याची भरलेली बाटली हातात घ्या आणि कोपरातून हात वर उचला. दंडाचा पुढचा स्नायू आखूड होत जोर लावतो. शास्त्रात याला कॉन्सेंट्रिक म्हणतात. दोन, ताणलं जात असताना जोर लावणं. आता तीच बाटली अगदी हळूहळू खाली आणा. जोर तोच स्नायू लावतोय, पण या वेळी लांब होत होत. हे इसेंट्रिक. एक प्रकारे तो ब्रेकचं काम करतो.

स्नायूला जास्त इजा होते ती या दुसऱ्या प्रकारात. ब्रेक लावताना कमी धागे कामाला लागतात, म्हणून प्रत्येक धाग्यावर ओझं जास्त येतं, आणि तेही तो ताणला जात असताना.

आता गड आठवा. कळसूबाई चढताना धाप लागते, छाती धडधडते. पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे. प्रत्येक पायरीला मांडीचा स्नायू शरीराचं वजन झेलत, लांब होत ब्रेक लावत असतो. धावण्यातही पाऊल टेकताना दर वेळी हेच घडतं.

सायकलवर काय होतं? शरीराचं वजन सीटवर. पाऊल जमिनीवर आपटत नाही. पायडल खाली दाबताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतारावर तर आपण पायडल थांबवतो, चाकं आपोआप फिरतात आणि ब्रेक लावायचं काम रबराचे ठोकळे करतात! म्हणून तेवढाच वेळ, तेवढ्याच दमाने केलेल्या सायकलिंगनंतर सीके आणि मायोग्लोबिन धावण्याच्या मानाने बरंच कमी वाढतं. टूर द फ्रान्समध्ये सायकलपटू तीन आठवड्यांत २१ टप्पे, ३,००० किलोमीटरहून जास्त अंतर कापतात, तेही मध्ये जेमतेम दोन दिवस विश्रांती घेऊन. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची रॅम शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अर्थात त्यामागे जिद्द आणि वर्षांची तयारी आहे. पण दिवसामागून दिवस एवढं अंतर शरीराला झेपतं, त्यामागे सायकलचा हा सौम्यपणाही आहे.

४. पाठीला पाठ लावलेल्या दोन सायकली

या फरकाचा एक सुंदर प्रयोग सायकलवरच झाला आहे. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तीन शास्त्रज्ञांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि एकाच साखळीने जोडल्या. एकजण नेहमीसारखा पुढे पायडल मारणार. त्यामुळे दुसऱ्याची पायडलं उलटी फिरणार आणि त्याने ती फिरण्याला विरोध करायचा. वेग दोघांचा सारखा, जोरही सारखा. फरक इतकाच की पहिल्याचा स्नायू आखडत काम करतोय आणि दुसऱ्याचा ताणला जात.

निष्कर्ष काय निघाला? विरोध करणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी पटींनी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा लहान चणीच्या स्त्रीने नुसता विरोध करून अंगापिंडाने मोठ्या पुरुषाला दमवलं!

म्हणजे ब्रेक लावणं दमाच्या हिशोबाने स्वस्त, पण स्नायूच्या हिशोबाने महाग. मोटरवर उलट फिरणाऱ्या पायडलांना विरोध करायच्या खास सायकली आज आहेत. सवय नसताना त्यांवर जोर लावला, तर दम लागत नाही, पण एक-दोन दिवसांनी मांड्या दुखतात आणि सीके वाढतो. तोच व्यायाम अगदी थोड्या जोराने सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवला, तर दुखणं आणि सीके दोन्ही आटोक्यात राहतात. म्हणूनच हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या ज्या रुग्णांना दम लागू द्यायचा नसतो, त्यांच्यासाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही पद्धत वापरतात.

५. सवयीचा महिमा

शरीराचा एक गुण फार मोलाचा आहे. एकदा एखादा व्यायाम करून स्नायू दुखले, की काही आठवड्यांनी तोच व्यायाम पुन्हा केला तरी दुखणं आणि सीके दोन्ही बरेच कमी राहतात. दुरुस्त झालेला स्नायू त्या कामापुरता चिवट झालेला असतो. थोड्या जोराचा सराव आधी केला, तरीही हे संरक्षण काही प्रमाणात मिळतं.

यातून आपल्यासाठी सरळ धडा निघतो. वर्षभर मैदान बंद आणि स्पर्धेआधी चार दिवस जोरदार सराव, हे उलटं आहे. तीन-चार आठवडे आधीपासून थोडं थोडं वाढवत न्या. लहान मुलांचे स्नायू या बाबतीत मोठ्यांपेक्षा जास्त सोशिक असतात. सारख्याच व्यायामानंतर त्यांच्यात दुखणं आणि सीकेची वाढ साधारणपणे कमी आढळते. म्हणून रोज चार-पाच किलोमीटर सायकल मारणाऱ्या मुलीची सायकल "स्नायू झिजतील" म्हणून बंद करू नका. सवयीच्या, बेताच्या सायकलिंगने निरोगी मुलाला अपाय होत नाही, उलट पाय आणि हृदय बळकट होतात.

६. आकडा वाचताना काय लक्षात ठेवाल?

पुन्हा पोत्याकडे जाऊ. जमिनीवर किती हरभरे दिसतात हे दोन गोष्टींवर ठरतं. पोतं किती उसवलंय आणि झाडणारा किती भरभर झाडतोय. रक्तातल्या सीकेचंही तसंच. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन मुलांनी सारखीच सायकल चालवली तरी एकाचा आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकतो. आकडा मोठा म्हणजे दुखणं मोठं, असंही नाही.

सीके व्यायामाशिवाय इतर कारणांनीही वाढतो. पडणं-आपटणं, दंडात किंवा कुल्ल्यावर घेतलेलं इंजेक्शन, झटका येणं, काही विषाणूंचे ताप, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या. म्हणून तपासणीआधी तीन-चार दिवस जोराचा व्यायाम टाळावा आणि आधी काय झालं ते डॉक्टरांना सांगावं. व्यायामाने वाढलेला सीके विश्रांती घेतली की साधारण आठवड्याभरात खाली येतो. तो खाली येतोय का, हे पाहायला डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात.

७. धोक्याची घंटा कधी?

आतापर्यंत दिलासा दिला, आता सावधगिरी.

१९४१ मध्ये, लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना, एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. ढिगाऱ्याखाली हातपाय चिरडलेली माणसं बाहेर काढली की सुरुवातीला ठीक वाटत, पण काही दिवसांत त्यांची मूत्रपिंडं (किडनी) बंद पडत. चिरडलेल्या स्नायूंतून सुटलेले पदार्थ, त्यातही मायोग्लोबिन, मूत्रपिंडाला जड जात होते. हीच अवस्था अतिरेकी व्यायामानेही येऊ शकते. तिला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सीके नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या पाच पटींहून जास्त, साधारण १,००० च्या पुढे गेला की डॉक्टर तिचा विचार करतात. प्रत्यक्षात गंभीर रुग्णांत तो हजारोंमध्ये असतो.

सायकल सौम्य म्हटली ना? पण जिममधल्या बंद खोलीत, मोठ्या संगीतावर, सीटवरून उठून जोरात मारायच्या "स्पिनिंग" सायकलच्या पहिल्याच तासानंतर धडधाकट तरुण माणसं या कारणाने रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बहुतेकांची कहाणी एकच. सवय नाही, पहिलाच दिवस, इतरांच्या बरोबरीने रेटलं. म्हणजे दोष सायकलचा नाही, घाईचा.

पुढीलपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा :

• लघवी चहासारखी, कोकाकोलासारखी किंवा गडद तपकिरी होणं.
• स्नायू टणक होऊन सुजणं, हात लावू न देणं.
• दुखणं रोज कमी होण्याऐवजी वाढत जाणं, पायांत ताकद न राहणं.
• लघवीचं प्रमाण फार कमी होणं, मळमळ, गुंगी.

उन्हाचा तडाखा, पाणी कमी पिणं आणि अंगात ताप असताना व्यायाम, या तिन्हींनी धोका वाढतो. शिक्षा म्हणून शंभर-दोनशे उठाबशा काढायला लावणं तर कायद्यानेही चूक आणि शरीरशास्त्रानेही. उठाबशीत खाली बसताना मांडीचा स्नायू ब्रेकच लावत असतो, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

८. "आळशी" मुलाकडे पुन्हा एकदा पाहा

शेवटचा मुद्दा, आणि प्राथमिक शिक्षकांसाठी सर्वात महत्त्वाचा.

काही मुलांत व्यायाम न करताही सीके सतत वाढलेला असतो, तोही थोडाथोडका नाही, मर्यादेच्या दहापट, पन्नासपट, कधी शंभरपटही. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावाचा हा जनुकीय आजार जवळजवळ फक्त मुलग्यांत होतो. यात पेशीपटलाला आधार देणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिनच तयार होत नाही. निरोगी मुलाचं पोतं जोराच्या व्यायामाने कधीतरी उसवतं, या मुलाचं रोजच्या चालण्या-उतरण्यानेही उसवत राहतं. या प्रकारच्या आजारात रक्तातला सीके वाढतो, हे १९५९ मध्ये जपानमध्ये एबाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. आजही तपासाची पहिली पायरी हीच साधी रक्ततपासणी आहे.

अशी मुलं आपल्याच वर्गात असतात. ती पळण्यात मागे पडतात, वारंवार पडतात, जिना चढताना कठडा धरतात, चवड्यांवर चालतात. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या दिसतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. जमिनीवरून उठताना आधी ओणवी होतात, मग स्वतःच्या गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत "अंगावर चढत" उभी राहतात. याला डॉक्टर गॉवर्स खूण म्हणतात. प्रार्थना संपली की आपल्या डोळ्यांसमोर पूर्ण वर्ग जमिनीवरून उठतो. ही खूण दिसायला याहून चांगली जागा दुसरी नाही!

असं मूल दिसलं तर त्याला "सराव कर, पळ" म्हणून रेटू नका. जबरदस्तीचा व्यायाम त्याच्या स्नायूंना घातक ठरतो. पालकांना शांतपणे, घाबरवून न सोडता सांगा : "उठताना तो हात टेकतो, हे मी पाहिलं. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा." निदान आपलं काम नाही. पण लक्षात आणून देणं नक्कीच आपलं काम आहे. लवकर निदान झालं तर औषधं, फिजिओथेरपी, हृदय-फुप्फुसांची नियमित तपासणी यांनी मुलाची चालण्याची वर्षं वाढवता येतात, आणि कुटुंबाला पुढच्या अपत्याबाबत जनुकीय सल्लाही मिळतो.

वर्गात घेण्यासाठी कृती (इयत्ता चौथी ते सातवी)

१. पाण्याची बाटली जोरात वर उचला, मग दहा अंक मोजत हळू खाली आणा. दंडावर दुसरा हात ठेवून दोन्ही वेळा स्नायू टणक होतो का ते सांगा.
२. कागदी पिशवीत मोहरी आणि हरभरे भरा, तळाला छोटं भोक पाडा, हलवा. आधी काय पडतं? भोक मोठं केल्यावर काय होतं?
३. सहलीनंतर तीन दिवस प्रत्येकाने वहीत "आज किती दुखतंय" याला ० ते १० गुण द्यावेत. वर्गाचा स्तंभालेख काढा. सर्वात उंच स्तंभ कोणत्या दिवशी येतो?

स्वाध्याय

१. गड चढण्यापेक्षा उतरल्यावर मांड्या जास्त का दुखतात?
२. सीकेच्या आधी मायोग्लोबिन रक्तात का वाढतं?
३. लिव्हरच्या तपासणीआधी व्यायाम केला असेल तर डॉक्टरांना का सांगावं?
४. व्यायामानंतरची कोणती लक्षणं दिसली तर लगेच दवाखान्यात जावं?
५. स्पर्धेच्या तयारीसाठी चार आठवड्यांचं सरावाचं वेळापत्रक तयार करा.

थोडक्यात, सायकल ही स्नायूंची मैत्रीण आहे. हळूहळू वाढवा, पाणी प्या, तापात विश्रांती घ्या. रिपोर्टमधल्या एका आकड्याने घाबरू नका, पण लघवीचा गडद रंग आणि जमिनीवरून उठताना मांडीवर टेकलेला हात, या दोन गोष्टी कधीही नजरेआड करू नका. उद्या प्रार्थना संपल्यावर मुलं कशी उठतात, तेवढं एकदा नीट पाहा.